आप्पांचा दहाव्याचा कागद

माझं काम माणूस गेल्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी साडेसातला सुरू होतं. दिवाळीच्या अंकात दहाव्याच्या गोष्टी कशाला, असं आमच्या घरातून आधीच विचारून झालं आहे. "लोकांनी चकली खाता खाता तुमच्या श्रद्धांजल्या वाचायच्या का?" असं आमच्या बायकोचं, शमीमचं म्हणणं. पण संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा" असं सांगितलं आणि माझं काम हेच आहे, त्याला मी काय करू? प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून मी निवृत्त झालो, तरी शिरूर आणि दौंड तालुक्यांत मला ओळखतात ते निवेदक म्हणून. लग्नं असतात, सत्कार असतात, पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात. पण बारा महिने चालणारं काम दशक्रियेचंच.

बाहेरच्या वाचकांना थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे दहावा म्हणजे घरच्यापुरता विधी नाही. नदीच्या घाटावर मांडव पडतो, खुर्च्या येतात, स्पीकर लागतो, गेलेल्या माणसाच्या फोटोचा दारापेक्षा मोठा फ्लेक्स उभा राहतो. एका बाजूला मुलं, धाकटे भाऊ, पुतणे ओळीनं डोकं करायला, म्हणजे मुंडणाला बसतात आणि भटजी पिंडांची तयारी करतात. दुसऱ्या बाजूला मांडवात पाचशे-हजार माणूस प्रवचन ऐकत असतं. पूजा भटजींची, प्रवचन महाराजांचं, मधलं जे काही उरतं ते सगळं माझं. आलेल्यांची नावं घ्यायची, न आलेल्यांचे निरोप वाचायचे, पुढाऱ्यांना श्रद्धांजलीला बोलवायचं आणि गेलेल्या माणसाचा जीवनपट सांगायचा.

माझं आडनाव तांबोळी. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे माझं आडनाव ऐकून एकदा माझ्याकडे आणि एकदा भटजींकडे बघतात आणि शेजारच्याला हळूच विचारतात, "हे कसं काय?" शेजारचा गावकरी म्हणतो, "कसं काय म्हंजी? तेच असत्यात." एवढ्यावर विषय संपतो. मला या उत्तराचा फार अभिमान आहे, हे इथं लिहून टाकतो.

या कामातली खरी कसोटी चिठ्ठ्यांची. मी बोलत असताना खालून चिठ्ठ्या येत राहतात. "अमुक अमुक उपस्थित आहेत, नाव घ्यावे." नाव घेतलं की पाचच मिनिटांत दुसरी चिठ्ठी, "मी त्यांच्या आधी येऊन बसलो आहे." एकदा एका गृहस्थांनी स्वतःच चिठ्ठी लिहिली होती, "कामाच्या व्यापामुळे येऊ शकत नाही," आणि ती द्यायला स्वतःच आले होते. मी त्यांचा निरोप वाचला आणि मग त्यांचं स्वागतही केलं. दुसरी कसोटी दोन शब्दांची. श्रद्धांजलीचे दोन शब्द म्हणजे किमान वीस मिनिटं. पुढाऱ्याच्या हातातून माइक काढून घेता येत नाही, त्यावर मी एक उपाय शोधला. पाण्याचा ग्लास पुढं करायचा. घसा कोरडा पडलेला असतोच. माणूस ग्लास घेतो, पाणी पिताना माइक कुणाच्या तरी हातात देतो, आणि तो हात माझा असतो.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

जीवनपटाचा माझा एक साचा ठरलेला होता. "अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ आणि प्रेमळ" ही सुरुवात. "प्रतिकूल परिस्थितीवर मात करून" हे मधे. "कधीही भरून न येणारी पोकळी" हा शेवट. उरलेल्या जागांत गाव, नोकरी, मुलं आणि जावयांचे हुद्दे भरायचे. घरची मंडळी माहिती देतात, मी आदल्या दिवशी कागद लिहून काढतो. एका सकाळी माझे दोन दहावे होते, पहिला साडेसातला घोड नदीच्या काठी, दुसरा साडेनऊला भीमेच्या काठी. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते. दुसऱ्या घाटावर मी धावतपळत पोचलो, समोरच्या फ्लेक्सवरचं नाव बघून "कैलासवासी बाळासाहेब" अशी दणक्यात सुरुवात केली, उशीर झाला म्हणून मुला-जावयांची यादी गाळली आणि पुढं वाचलं ते सगळं पहिल्या घाटावरच्या माणसाचं आयुष्य. बाळासाहेबांनी तीस वर्षं साखर कारखान्यात इमानेइतबारे काम केलं, असं मी भरल्या गळ्यानं सांगितलं. बायका रडल्या. थोरल्या मुलानं येऊन माझे पाय धरले.

मी मोटरसायकलला किक मारत होतो तेव्हा एक उंच, वाळकेसे गृहस्थ जवळ आले. डोक्याला पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशाला साखळीचं घड्याळ. हे किसनआप्पा. दौंड तालुक्यात, केडगावपासून जवळच भीमेच्या दौंडकडच्या काठाला त्यांची वस्ती. मी त्यांना तोंडओळखीनं ओळखत होतो.

"गुरुजी, एक इचारू का?"

"विचारा की, आप्पा."

"बाळासाहेब साखर कारखान्यात कवा व्हता?"

मी जरा ऐटीतच म्हणालो, "तीस वर्षं."

"आसं व्हय? मग एसटीत तिकिटं कोण फाडत व्हतं? जलमभर कंडक्टर व्हता त्यो."

मी पिशवीतून कागद काढून बघितला आणि गाडी परत स्टँडवर लावली. संध्याकाळी बाळासाहेबांच्या मुलाला फोन करून माफी मागितली, तर तो म्हणतो, "आसू द्या ओ गुरुजी, चांगलं बोलला तुम्ही. मला वाटलं, माझ्या जन्माच्या आधी असतील कारखान्यात."

आप्पा मात्र हसले नव्हते. "मान्सं रडली, गुरुजी," एवढंच ते म्हणाले होते. "दुसऱ्याच्याच आयुष्यावर रडली."

पुढच्या आठवडे बाजाराला आप्पा आमच्या तळेगाव ढमढेऱ्यातल्या घरी हजर. त्यांची लेक आमच्याच गावात दिलेली. दर बाजाराला जीपनं यायचं, लेकीला भाजी घेऊन द्यायची, तिच्या हातचा चहा प्यायचा आणि परत जायचं, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशी ते लेकीकडून थेट माझ्याकडे आले. शमीमनं पाणी दिलं, ते पिऊन म्हणाले, "गुरुजी, माझा कागद आत्ताच लिहा. मला वाचून दाखवा. मी पास केला की मगच ठेवा."

"आप्पा, असं अभद्र काय बोलताय?"

"अभद्र काय त्यात? कपडं शिवताना माप देतो का न्हाई आपुन? मेल्यावर शिंपी येतोय का माप घ्यायला?"

मी वही काढली. असं आमचं काम सुरू झालं आणि ते चार-पाच महिने चाललं.

आप्पा रेल्वेतून निवृत्त झाले होते. केडगाव आणि दौंडच्या मधल्या एका फाटकावर गेटमन म्हणून त्यांची बहुतेक नोकरी गेली. त्या फाटकावर थांबला नाही असा माणूस पंचक्रोशीत नव्हता आणि थांबलेल्या माणसाशी आप्पा बोलले नाहीत असंही कधी झालं नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा पास झाला, कुणाला जावई बघायचाय, सगळं त्यांना फाटकातच कळायचं. दोन सोयरिकी तर त्यांनी मालगाडी जाईपर्यंत जुळवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मुलगा आणि सून दोघंही कुरकुंभला कंपनीत, त्यामुळे दोन्ही नातींचा ताबा आप्पांकडे आला. वेण्या घालणं हे खातं आप्पांचं. सात वाजून दहा मिनिटांनी पहिली, सात वीसला दुसरी. शाळेची गाडी वस्तीच्या तोंडाशी आली की आप्पा उजवा हात सरळ करून हिरवा झेंडा दाखवल्यासारखे उभे राहायचे आणि तो हात खाली आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. आमच्या भागात लोक वडीलधाऱ्यांना मान देतात, घाबरतातही. पण आप्पा दिसले की लोकांना बरं वाटायचं, आणि ही गोष्ट वेगळी आहे.

मी पहिला मसुदा वाचायला घेतला. "आप्पा अत्यंत कष्टाळू..."

"कसलं कष्ट?" आप्पांनी हात वर केला. "गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. कष्ट मेंढरांच्या मागं असत्यात. खोडा ते."

"मनमिळाऊ..."

"फाटक लावलं की मोटरसायकलवाली माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. कुनाचं मन मिळालं तवा? खोडा."

"प्रेमळ तरी राहू द्या."

"ते हिला इचारा."

ही म्हणजे त्यांची बायको, सगुणाकाकू. आप्पांनी मला बजावलं होतं की काकूंना दहाव्याचं कळू द्यायचं नाही, पंचाहत्तरीच्या सत्कारासाठी माहिती गोळा करतोय असं सांगायचं. मी वस्तीवर जाऊन विचारलं. काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "प्रेमळ? लगीन झाल्यापास्नं भाजीत मीठ कमी हाय म्हणून एकदा बी बोललं न्हाईत. गपचूप उठत्यात, मीठ घेत्यात, आन् सगळ्यांच्या ताटात टाकत्यात. ज्याच्या भाजीला बरं हाय त्याच्या बी!" हे मी जसंच्या तसं लिहिलं. आप्पांनी वाचलं, बराच वेळ विचार केला आणि पास केलं.

स्वतःहून त्यांनी एक गोष्ट घालायला लावली. एकदा एका नवरदेवाची गाडी फाटकात अडकली आणि मुहूर्त टळला. आप्पांनी फाटक उघडलं नाही, उघडणं शक्यच नव्हतं. त्या घरानं पाच वर्षं आप्पांच्या घरी हळदीकुंकवाला पाऊल टाकलं नाही. "त्यांची माफी मागा. फाटक उघडलं न्हाई म्हणून न्हाई. तवा मी हासलो व्हतो, नवरदेवाचा चेहरा बघून. त्याची माफी."

एक गोष्ट मला कळून चुकली. वीस-पंचवीस वर्षं मी माणसांबद्दल बोलत होतो आणि मला माणसांची माहितीच नव्हती. वर्गात पोरांना "स्वतःच्या शब्दांत लिहा" म्हणून छड्या मारलेला मास्तर मी, आणि घाटावर वर्षानुवर्षं एकच उत्तर सगळ्यांच्या नावावर खपवत होतो.

मग एका बाजारच्या दिवशी मी कागदातलं सगळ्यात भक्कम वाक्य वाचलं. "वेळीच मेंढरं विकून आप्पांनी घर मार्गाला लावलं." हे मी मनचं लिहिलं नव्हतं. आप्पांचं घराणं मेंढपाळाचं, ते नोकरीला लागल्यावरही धाकटा भाऊ भिवा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरत असे. बावीसएक वर्षांपूर्वी आप्पांनी मेंढरं विकली, विहीर पाडली, पाइपलाइन केली, पोरं शाळेत घातली. आप्पांचं नाव निघालं की प्रत्येक जण ही गोष्ट सांगायचा. आप्पांचं मोठेपण म्हणजे हेच, असं सगळ्यांचं मत होतं.

आप्पांनी या वेळी हात वर केला नाही. ते पायांकडे बघत राहिले.

"ते न्हाई म्हणायचं, गुरुजी."

"का हो? हे तर खरं आहे."

"मेंढरं इकली हे खरं हाय. भिवाला न इचारता इकली, हे कुनी सांगत न्हाई. त्याला सासुरवाडीला जा म्हणून मीच धाडलं. सुपारी फुटायची हाय, थोरल्याच्या वतीनं तू बस, म्हणलं. दोन दिसांनी आला तर शंभरावर मेंढरं कोंडलेली असायची तिथं नुसती रिकामी जाळी. कुत्रं तेवढं बसलेलं."

"मग? काय म्हणाला?"

"काय बी न्हाई. जाळी गुंडाळली, कुत्रं घेतलं आन् नदीपार गेला."

नदीपार म्हणजे शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याकडे. सासुरवाडीच्या आधारानं भिवानं तिथं पाच-दहा कोकरांपासून परत सुरुवात केली. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. आप्पांच्या घरात भिवाचं नाव काढायला बंदी होती, आणि ती बंदी आप्पांनीच घातली होती.

"विचारलं असतं तर?" मी म्हणालो.

"तर न्हाई म्हणला असता. म्हणून तर न्हाई इचारलं."

मग त्यांनी आपली खरी अडचण सांगितली. दहावा कशासाठी हवा होता ते मला तेव्हा कळलं. "मी गेल्यावर दहाव्याला भिवा येईल. धाकटा भाऊ हाय, त्याला डोकं करायला बसायलाच लागतं. मांडवात शेवटपतुर थांबायला लागतं. तवा तुम्ही सांगा. माझं चुकलं म्हणून सांगा."

"आप्पा, मांडवगणाच्या वाटेवर पूल आहे. अर्ध्या तासाची वाट आहे. आत्ता जा ना."

"गेलो व्हतो की. तीनदा गेलो, पुलापतुर." ते ओशाळून हसले. "त्यो उठून गेला तर, गुरुजी? दहाव्याला उठून जाता येत न्हाई."

मी त्यांना परोपरीनं समजावलं. मी बरोबर येतो म्हणालो, मी एकटा जाऊन निरोप देतो म्हणालो. त्यांनी भिवाला काही कळवायचं नाही म्हणून मला माझ्या दोन्ही मुलांची शपथ घातली. शपथेचं निमित्त मी सांगतोय, पण शपथ मोडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि चांगल्या कामासाठी मीही एखादी मोडली असती. खरं कारण वेगळं आहे आणि ते लिहिताना मला लाज वाटते. तो कागद इतका चांगला झाला होता की तो घाटावर वाचायची मला हौस होती. इतक्या वर्षांत माझ्या हातात पहिल्यांदाच एका माणसाचं खरंखुरं आयुष्य आलं होतं. मांडव कसा स्तब्ध होईल, याची मी मनातल्या मनात तालीमसुद्धा केली होती.

भिवासाठीचा मजकूर आप्पांनी शब्दाशब्दानं सांगितला. मी त्यात "अपराधीपणाची भावना" असं घालायला गेलो तेव्हा म्हणाले, "तुमच्या भाषेत करू नका. माझं हाय तसं ठेवा." मी ठेवलं. त्यांनी कागद घडी करून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पास." मग चहा पिऊन लेकीकडे कोथिंबीर द्यायची राहिली म्हणून घाईनं उठून गेले.

पुढं वर्षही निघालं नाही. एका सकाळी दोन्ही वेण्या झाल्या, शाळेची गाडी गेली, आप्पा ओट्यावर बसले ते बसलेच. मी वस्तीवर पोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता. भिवा आला होता, खांदा देऊन कुणाशी न बोलता परत गेला, एवढं कळलं.

दहाव्याला भीमेच्या घाटावर जी गर्दी झाली ती मी आमदारकीच्या सभेलाही पाहिलेली नाही. फाटकावर थांबलेले सगळे आले होते. मुहूर्त टळलेलं ते घरही आलं होतं, तो नवरदेव आता तीन पोरांचा बाप. आप्पांच्या मुलानं मला बाजूला घेतलं. "गुरुजी, मेंढरं इकून घर मार्गाला लावलं ते जरा जोरात सांगा. पाहुण्यांना कळू द्या." मी मान हलवली. मुलाला कागदातलं काही माहीत नव्हतं. काकूंनाही नव्हतं. कागद फक्त मला आणि फ्लेक्सवर टोपी घालून बसलेल्या आप्पांना माहीत होता.

डोकं करून झालेल्यांच्या ओळीत भिवा कोण हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आप्पांचीच उंची, आप्पांचंच नाक, अंगावर घोंगडी. मुंडण झाल्यावर तो मांडवात आला आणि पहिल्या रांगेत स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसला. मला बरं वाटलं, म्हटलं एक शब्दही चुकायचा नाही.

तालुक्याच्या एका पुढाऱ्यांनी दोन शब्द सुरू केले. आप्पांचं नाव त्यांना दुसऱ्या मिनिटाला आठवलं. मग म्हणाले, "ज्या काळात समाज मेंढरांच्या मागं होता त्या काळात आप्पांनी दूरदृष्टीनं मेंढरं विकली आणि धाकट्या भावाचं कल्याण केलं!" मुलानं कृतार्थ चेहऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी भिवाकडे बघितलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मी पाण्याचा ग्लास घेऊन पुढं झालो आणि माइक ताब्यात घेतला.

कागद वाचायला लागलो. मिठाची गोष्ट आली तेव्हा बायकांच्या बाजूनं हुंदका आणि हसू एकदमच आलं. दहाव्याला माणसं हसताना मी पहिल्यांदा पाहिली. नवरदेवाची माफी मागितली तेव्हा त्या तीन पोरांच्या बापानं उभं राहून फ्लेक्सला हात जोडले. मग मी भिवाच्या मजकुरावर आलो.

"भिवा, मेंढरं इकली त्याचं मला वाईट वाटत न्हाई. तुला मुद्दाम गावाला धाडून, तुला न इचारता इकली. ते चुकलं माझं. मी थोरला म्हणून मला कुनी जाब इचारला न्हाई. तू तरी इचारायला पायजे व्हतास."

मांडव स्तब्ध झाला, माझ्या तालमीत झाला होता तसाच. हजार माणसांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. मुलगा तोंड उघडं ठेवून बघत होता. भिवा शांतपणे नदीकडे बघत बसला होता.

मला त्याचा राग आला. मेलेला भाऊ भर मांडवात माफी मागतो आणि याचा डोळाही ओला होऊ नये? जे मी कधीच केलं नव्हतं ते केलं. तेवढाच मजकूर पुन्हा वाचला, अधिक सावकाश, प्रत्येक शब्दावर थांबून. भिवानं घोंगडी सारखी केली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सगुणाकाकू उठल्या. दहाव्याला गेलेल्याची बायको पुरुषांच्या मांडवात येत नाही, पण त्या आल्या. "गुरुजी, कुनाला वाचून दाखवताय?" त्या माझ्याजवळच येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजींना ऐकू येत न्हाई. तीन वरीस झाली, दोन्ही कान गेल्यात."

माझ्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं.

काकूंना ठाऊक होतं. नदीपारच्या सोयऱ्यांकडून कळलं होतं. पण घरात नाव काढायला बंदी, तर आप्पांना सांगणार कसं? आणि आप्पांच्या मनातलं आप्पांनी काकूंना सांगितलं नाही, मला सांगितलं. एका घरात, एका ओट्यावर, एकाच मिठाचं जेवत दोघंही बसून होते. मध्ये मी होतो, शपथ घेतलेला आणि हौस असलेला. एकदा जरी मी मांडवगणाला जाऊन आलो असतो तरी निदान मला तरी कळलं असतं, की निरोप न्यायचा तर कागदावर न्यायला हवा आणि लवकर न्यायला हवा.

काकू भिवासमोर खाली बसल्या आणि त्याला ओठ दिसतील असं तोंड समोर धरून ओरडल्या, "ते म्हणत्यात, चुकलं माझं!"

"कोन म्हणतं?" बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट आवाज. त्याला माइकची गरज नव्हती.

काकूंनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडे. भिवानं हात पुढं केला. मी कागद दिला. कुठून वाचायचं ते बोट ठेवून दाखवलं. चौथीपर्यंत शाळा झालेली असावी. एकेका अक्षराखाली बोट सरकवत, शाळेतली पोरं वाचतात तसं मोठ्यानं तो वाचायला लागला. आपण किती मोठ्यानं वाचतोय हे त्याला कळत नव्हतं. मी दोनदा वाचलेलं घाटानं तिसऱ्यांदा ऐकलं, आणि या वेळी ते आप्पांच्याच आवाजात आल्यासारखं वाटलं, कारण भावाभावांचा आवाज एक होता. "भिवा, मेंढरं... इकली... त्याचं..." "चुकलं माझं" इथं बोट थांबलं. परत मागं आलं. परत तेवढंच वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला, पण कुणीही चिठ्ठी पाठवली नाही.

वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली, कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली आणि घोंगडी खुर्चीवर टाकून तो उठला. दोन्ही हात जोडून मी त्याच्या वाटेतून बाजूला झालो. तो फ्लेक्ससमोर जाऊन उभा राहिला. टोपी, घड्याळाची साखळी, सगळं नीट बघितलं. मग भीमेच्या पलीकडच्या काठावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं आपल्या भावाला विचारलं,

"आन् मला ऐकू येत व्हतं तवा काय झालं व्हतं रं तुला?"